मामा आणि हसायची ओळ

आमच्या मामांइतकं विनोदाला गंभीरपणे घेणारा माणूस शिरूरपासून दौंडपर्यंत दुसरा सापडायचा नाही. निमोण्याजवळच्या एका वस्तीशाळेत ते मास्तर होते आणि पिशवीत सदैव लहान मुलांची गमतीची पुस्तकं. माणूस नेमक्या कोणत्या ओळीला हसतो आणि का, हे कोडं त्यांना कधी सुटलं नाही. शिरूरच्या स्टँडवर शेजारच्या अनोळखी माणसाच्या हातात ते खुशाल पुस्तक द्यायचे. "पाव्हणं, एवढं पान वाचा. कुठं हसू येतंय तेवढं सांगा." एक गृहस्थ इतके रमले की त्यांची दौंडची गाडी सुटली. मामांनी त्यांची समजूत घालायची सोडून त्या ओळीखाली पेन्सिलीनं रेघ मारली.

वर्गातही त्यांची तऱ्हा न्यारी. गोष्ट रंगात आली, आता गंमत येणार, की हे तोंड मिटून पुस्तक मुलांकडे फिरवायचे. हसायचं असेल तर ती ओळ ज्याची त्यानं वाचायची. "हसून कुठं वाचायला येतं का, गुरुजी?" असं एका सहकाऱ्यानं डिवचलं, तर म्हणाले, "रडून किती जणांना आलं, ते सांगा."

तिसरीतली एक मुलगी मात्र कधी हसायची नाही. तिला वाचताच येत नव्हतं. बाकीचे हसले की ती मान खाली घालून अक्षरं जुळवत बसायची. तिच्या घरचा शेवंतीचा मळा. आई एकदा शाळेत येऊन सांगून गेली, "हिच्या डोक्यात न्हाई शिरत, गुरुजी. सोमवारपासनं फुलं तोडायला घरीच ठिवते." मामांची अन्नावरची वासनाच उडाली.

शुक्रवारी म्हशीची गोष्ट होती. म्हैस केस कापायला न्हाव्याकडे जाते. तो विचारतो, "कसे कापू?" मामांनी पुस्तक फिरवलं. आणि सगळ्यांच्या आधी, मागच्या रांगेतून, ती मुलगी एकटीच खळखळून हसली! पानावर होतं, "मधून भांग पाडा, पण शिंगं झाकली पाहिजेत."

मामा तिला घेऊन थेट मळ्यात. तिनं बोट ठेवून ओळ वाचली. आईनं तोंडाला पदर लावला, खांदे गदगदा हलले. मग हळूच म्हणाली, "आन् फुडं काय झालं गं?"

मामांनी चटकन पुस्तक मिटून पिशवीत घातलं. "फुडचं सोमवारी. शाळेत."

सोमवारी ती मुलगी सगळ्यांच्या आधी येऊन बसली होती. मामा आता निवृत्त झालेत. हे सांगून झालं की "वाचून दाखवायला आता वर्ग न्हाई रं," म्हणतात आणि पिशवीतलं पुस्तक काढून माझ्याकडे फिरवतात.