लासुर्ण्याच्या गुऱ्हाळावर भरलेला विज्ञानाचा तास

"विज्ञानाचा तास गुऱ्हाळावर घेतेय, बघायला ये," असं कुसुमनं कळवलं आणि मी पुण्याहून तडक निघाले. आम्ही मास्तरकीच्या ट्रेनिंगच्या मैत्रिणी. ती आता लासुर्ण्याच्या शाळेत शिकवते, मी पुण्यात. परीक्षानळी न पाहिलेल्या मुलांना घरच्या कामातलं विज्ञान दाखवायचं, ही कल्पना मला फार आवडली होती.

दौंडला गाडी बदलायची. बारामतीची छोटी गाडी रमतगमत जाते आणि धुरानं नाक काळं करते. बारामतीत स्टँडजवळ पिठलं-भाकरी स्वस्त मिळते, पोटभर खाऊन घ्या. इंदापूरच्या एस.टी.त मी लासुर्ण्यापर्यंत उभीच होते.

सकाळी गुऱ्हाळावर वर्ग भरला. शाळा तपासनीस साहेबही आले होते. त्यांना पटलं तर हा तास तालुक्यातल्या सगळ्या शाळांत जाणार होता. उकळत्या रसात भेंडीचं पाणी घालून त्याचं कारण सांगायला कुसुमनं सखूला निवडलं होतं, वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी. ती काहिलीकडे, रस उकळत होता त्या मोठ्या कढईकडे, निघाली तसे गुऱ्हाळाचे मालक तात्या आडवे आले.

"बाई, गावकुसाबाहेरची पोर हाय ती. काहिलीला इटाळ नगं. बांधावरनं बोलू द्या."

"तात्या, हा ऊस तिच्याच आईबापांनी तोडलाय ना?" मी विचारलं.

"व्हय. पर ऊस निराळा, गूळ निराळा."

माझं डोकं सणकलं. मी कुसुमकडे पाहिलं, तिनं साहेबांकडे, साहेबांनी घड्याळाकडे.

"बोल गं तिथूनच," कुसुम म्हणाली.

सखू बांधावरून ओरडून बोलली, "भेंडीच्या चिकात समदी घाण गुतती. ताप लागला की मळी वर येती, ती झाऱ्यानं काढायची."

"उत्तम! काही शंका?" साहेब खूश होते.

"व्हय. समदी घाण वर येती, तर माझा इटाळ रसात कुठं ऱ्हातो?"

साहेबांनी तास संपल्याचं सांगितलं. आम्हाला पानावर गरम गूळ मिळाला, सखूच्या ओंजळीत तो वरून टाकला.

परतताना लासुर्ण्याच्या स्टँडवर सोडायला आलेल्या कुसुमशी मी कडाडून भांडले.

"तास मंजूर झाला ना? सगळ्या शाळांत जाईल आता," ती म्हणाली.

"काय जाईल? प्रत्येक गावात एक मुलगी बांधावर?"

ती रडली. मला वाईट वाटलं, पण राग उतरला नाही.

थंडीत त्या भागात गुऱ्हाळं जोरात असतात, जरूर जा. रस पिण्याआधी बांधावर कोण उभं आहे तेवढं बघा.

पुण्यात आल्यावर मी वर्गात तोच प्रयोग केला आणि सखूचा प्रश्न फळ्यावर लिहिला. हेडमास्तर दारातून म्हणाले, "हे अभ्यासक्रमात नाही, पुसा."

मी खडू त्यांच्यापुढे धरला. "तुम्ही उत्तर लिहा, मग पुसते."