आचऱ्याच्या घरातले शनिवार

माझी मुलगी दिव्या ओरोसला एका सरकारी कचेरीत कारकून आहे. वय एकतीस. लग्न होऊन दोन वर्षं ठाण्याला राहिली, पटलं नाही, रीतसर कागद करून २००४ साली परत आली. आता स्टाफ क्वार्टरमध्ये एकटी राहते. आवक-जावक तिच्याकडे आहे, आणि साहेब रजेवर असले तरी तिच्या टेबलावर हवा तो कागद सापडतो. आवाज बेताचा, भात बेताचा. तिच्याबद्दल लिहिण्यासारखं काही आहे, असं २००७ च्या दिवाळीपर्यंत मला वाटलं नव्हतं.

दिवाळीनंतरच्या एका शनिवारी मी आमच्या कट्टा गावच्या स्टँडवर भाजी घेत होते. मालवणची गाडी थांबली आणि खिडकीत दिव्या दिसली. आमचं घर स्टँडपासून पाच मिनिटांवर. ती उतरली नाही. फोनवर विचारलं तर म्हणाली, आचऱ्याला मैत्रिणीकडे जाते, दर शनिवारी. कोण मैत्रीण, ते सांगितलं नाही.

महिन्याभराने तिला ताप आला म्हणून मी ओरोसला जाऊन राहिले. टॉवेल शोधताना कपाटात एक पिशवी सापडली. काळ्या कापडाची पट्टी, मोरपीस, काथ्याचा झुबका, मेणबत्त्या, पितळेची लहान घंटा. सोबत एक वही. पानाच्या वर एकेक नाव, खाली दोन रकाने, ‘चालेल’ आणि ‘नको’. दिव्याच्या पानावर ‘नको’खाली ‘गळ्याला हात’ असं तिच्याच अक्षरात होतं. शेवटच्या पानावर पत्ता, आचऱ्याचा बाबली, बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा.

मी बीए झालेली बाई आहे. तरी माझ्या मनात दुसरं काही आलंच नाही. काळं कापड, पीस, मेण, नावांची यादी, आणि घटस्फोट झालेली एकटी मुलगी. देवस्की, करणी. कोणीतरी तिला धरलंय.

तिला विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही. ती कामावर रुजू झाली त्याच शुक्रवारी मी आचऱ्याला गेले. ज्याच्या हद्दीत गोष्ट घडते त्याच देवापुढे ती मांडावी लागते, म्हणून बाबलीच्या वाडीतल्या देवळात. तिथल्या बाबू गुरवांनी देवाच्या अंगावर फुलाच्या पाकळ्या चिकटवून कौल लावला. गाऱ्हाणं मोघम चालत नाही. कोणाचं पोर, कोणाचं घर, कोणता वार, सगळं मोठ्याने सांगावं लागतं. मी सांगितलं. बाबूंनी ते शब्द तसेच देवाला सांगितले, आणि ओट्यावर बसलेले चार-पाच पुरुष दर वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणत राहिले.

पाकळी उजवीकडून पडली, म्हणजे भूतबाधा, करणी काही नाही. बाबू म्हणाले, “बाहेरचा काय एक नाय. चेडवाकच इचार.”

मी हलकी होऊन घरी आले, मुलीला विचारायचं तेवढं राहिलं. ओट्यावर कोण बसलं होतं, हे मनातही आलं नाही.

सोमवारी दिव्या रजा टाकून घरी आली. तिचे बाबा दत्ताराम बाजारात गेले होते. ती उंबऱ्यातच उभी राहिली. तिच्याकडून कळलं, देवळाच्या ओट्यावरचे तिघे रविवारी बाबलीच्या दारात गेले होते. इथे कसली पूजा चालते, येत्या शनिवारी आम्हीही येतो, असं सांगून गेले होते.

“तू माझी वही वाचलंस,” ती म्हणाली, “आणि माका सोडून गावाक इचारलंस.”

मग तिने सांगितलं. माझ्याकडे न बघता, टपालाची नोंद वाचावी तसं. सहा जण आहेत, सगळ्यात लहान अठ्ठावीस वर्षांची. कुडाळच्या सायबर कॅफेत एकमेकांशी बोलणं सुरू झालं. इंटरनेटवर ह्या आवडीला किंक म्हणतात. एकाचे डोळे बांधायचे. मग हातावर, पाठीवर बर्फ, पीस, काथ्या, कोमट मेण. पुढे काय येणार ते कळत नाही आणि सगळं अंग कान होतं. आधी बसून ‘चालेल’ आणि ‘नको’ लिहायचं. घंटा बांधलेल्याच्या हातात असते.

मी विचारलं, “तुका कोण जबरदस्ती करता काय?”

“घंटा सोडली की सगळा थांबता, आये. ठाण्याक माझ्या हातात घंटा नाय होती.”

ठाण्याला काय झालं ते तिने कधी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.

आता दोनच गोष्टी होऊ शकत होत्या. शनिवारी माणसं घरात शिरली की सहाही जणांची नावं गावात होणार, तिची नोकरी अवघड होणार. नाहीतर बाबलीने घर सोडून जायचं. मी केलेलं मलाच मागे घ्यायला हवं होतं, आणि तेही मोठ्याने.

बुधवारी पुन्हा देवळात गेले. ओट्यावर तेच तिघे. देवापुढे खोटं बोलायचं नाही आणि मुलीचं खरं सांगायचं नाही, अशी वाक्यं मी गाडीत बसून जुळवत आले होते. बाबूंना म्हटलं, गाऱ्हाणं परत घ्यायचंय. देवाने बाहेरचं काही नाही म्हणून सांगितलं, तरी घराचं नाव फिरतंय. तिथे जाणती माणसं आपल्या मर्जीने भेटतात. माझ्या मुलीच्या मर्जीविरुद्ध तिथे काही होत नाही. जो त्या दारात जाईल तो देवाचा कौल मोडून जाईल.

एकजण हसून म्हणाला, “काय करतत तरी, ता सांग मगे.”

“तुमच्या घरात रात्रीचा काय चलता, ता मी इचारलंय?”

बाकीचे दोघे त्यालाच हसले. बाबूंनी माझे शब्द देवाला सांगितले. ‘व्हय म्हाराजा’ आधी एकाने म्हटलं, मागून बाकीच्यांनी.

शनिवारी बाबलीच्या दारात कोणी गेलं नाही. पण तिथे भेटायलाही कोणी गेलं नाही. सहा जणांनी ती भेटायची जागाच सोडली.

दिव्या महिनाभर आली नाही. आली तेव्हा मासे साफ करायला माझ्याशेजारी बसली. नवी जागा मिळाली, म्हणाली. कुठे, म्हणून विचारायला मी तोंड उघडलं.

“नाय सांगूचंय, आये.”

मी बांगड्याचं डोकं कापलं. आता शनिवारी मी स्टँडवर जात नाही.