बाहेरकाठ्यावरची चिलखती गाडी

राग गिळून टाकावा, असं मला पुष्कळांनी सांगितलं. मी तो गिळला नाही, जपला. बियाणं जपतात तसा. ज्याच्यावर राग होता तो मिठाच्या खात्यातला अंमलदार होता, आपल्याच मुलखातला, आपलीच भाषा बोलणारा. परक्याचं एक वेळ सोडून देता येतं, याचं कसं सोडणार?

आम्ही खाडीकाठचे मिठागरवाले. माझा थोरला भाऊ, दादा, गावात राहिला. उन्हाळ्यात मिठागर आणि पावसाळ्यात बाहेरकाठ्याच्या आतलं भातशेत, असा त्याचा संसार. बाहेरकाठा म्हणजे खाडीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून घातलेला मातीचा बांध. त्याच्यावर अख्खा गाव जगतो. मी मात्र चिखलाला कंटाळून मुंबईला गेलो आणि एका लोखंडी कारखान्यात पत्रे जोडणाऱ्या रिबिटा मारायला लागलो.

त्या कारखान्यात लष्करासाठी चिलखती गाड्या बांधत असत. पहिल्या महायुद्धात असल्या गाड्या साध्या मोटारींवर पत्रे ठोकून केल्या होत्या, असं आमचा मिस्तरी सांगे. पोलादाच्या भाराने मोटारीचा सांगाडा मधोमध वाकायचा आणि शत्रूऐवजी आपलीच माणसं पोट धरून हसायची. मग लॉरीचा दणकट सांगाडा घेतला, खालच्या कमानी वाढवल्या, हवेची चाकं काढून भरीव रबराची बसवली. वर पालथ्या पातेल्यासारखा फिरता घुमट, त्यात बंदूक. उन्हात आत भट्टी पेटते म्हणून पत्र्याला आतून अस्तर. ड्रायव्हरला समोर बघायला चार बोटांची फट, बाजूचं काहीच दिसत नसे. सरहद्दीवर डोंगरातल्या टोळ्यांशी लढायला या गाड्या जातात, असं आम्हाला सांगितलं होतं. मला त्या कामाचा अभिमान होता, हे लपवत नाही.

पुढे लोक कर न भरता मीठ उचलू लागले ते दिवस आले. आमच्या मिठागरावरही गाव जमला आणि सरकारने तिथे एक चिलखती गाडी धाडली. दादा आणखी चौघांबरोबर तिच्या वाटेत आडवा झाला. बाकीचे उठले, दादा उठला नाही. चाक त्याच्या घोट्यावरून गेलं. ड्रायव्हरशेजारी बसून वाट दाखवणारा तो अंमलदार खाली उतरला, दादाच्या पायाकडे बघितलं आणि सगळ्या गावासमोर म्हणाला, "चिखल तुडवायला एक पाय पुरतो."

हे मला सांगावा घेऊन आलेल्या शेजाऱ्याने मुंबईत सांगितलं. मी आठवड्याची रजा टाकली आणि धरमतरच्या लाँचने गाव गाठलं. दादाचा पाय गुडघ्याखाली कापला होता. तो रडला नाही. मिठागर संपलं, म्हणाला, कारण तिथली जमीन पायानेच तुडवून घट्ट करावी लागते; पण भातशेत आहे, बसून सरकत सरकत लावणी होईल. त्या शेताचं तो इतक्यांदा बोलला की मी उठून बाहेर गेलो.

गाडी गावाबाहेर उभी होती. मी सहज जवळ गेलो आणि दाराची कड बघून तिथेच थिजलो. खालून तिसरी रिबीट वाकडी होती. ती मी मारली होती. त्या वाकड्या रिबिटीपायी मिस्तरीने माझ्या थोबाडीत दिली होती. दादाचा पाय मी बांधलेल्या गाडीखाली गेला होता. त्या क्षणी मी ठरवलं, त्या अंमलदाराला चिखलात लोळवायचं, आणि तेही याच गाडीतून.

संधी चालून आली. खाडीच्या टोकाला लोकांनी मिठाच्या राशी रचल्या होत्या आणि अंमलदाराला त्या मोडायच्या होत्या. रस्त्याने गेलं तर मोठा वळसा, बाहेरकाठ्यावरून गेलं तर सरळ. सकाळी त्याने मला हटकलं, अंगात पाटलोण बघून असेल. बांधावरून गाडी जाईल का, विचारलं. मी हात जोडले, साहेब म्हणालो, ही गाडी आमच्याच कारखान्यातली, हिचं वजन मला तोंडपाठ आहे, बांध सहज पेलेल. तो खूश झाला. कारखान्यात राहून मी माणसात आलो, असंही म्हणाला.

बाहेरकाठा वरून उन्हाने फरशीसारखा दिसतो. आत गाळच असतो. भरल्या बैलगाडीलासुद्धा आम्ही त्यावर चढू देत नाही. खाडी त्या सकाळी पार तळापर्यंत आटली होती. मला वाटलं, बरंच झालं, पाणी लांब आहे, बांध बसला तरी शेताला धोका नाही.

गाडी शंभरेक पावलं गेली. मग मागचं डावं चाक बसलं, बांध दुभंगला आणि गाडी शेताच्या अंगाला कलंडली. दार गाळात रुतलं. शेवटी घुमटाच्या झाकणातून आधी ड्रायव्हर आणि मग अंमलदार बाहेर पडला, तो थेट बांधातून ओघळलेल्या कमरेएवढ्या चिखलात. एक बूट आतच राहिला. तो चार पायांवर रांगत वर येत होता आणि गाव हसत होता. इतकं गोड मला जन्मात काही लागलं नाही. आज इतक्या वर्षांनीही ते रांगणं आठवलं की सुख होतं, खोटं कशाला बोलू?

मी धावत दादाकडे गेलो. दोघांनी धरून त्याला बांधाजवळ आणलं. मी त्याला म्हटलं, मीच सांगितलं त्याला इकडून जायला, तुझा सूड घेतला. मला शाबासकी हवी होती. दादाने गाडीकडे बघितलं, फुटलेल्या बांधाकडे बघितलं, मग खाडीकडे.

"आज कंची तिथ हाय?" त्याने विचारलं.

"शनिवार," मी म्हणालो.

"वार नाय इचारला तुला. तिथ इचारली."

मला तिथी सांगता आली नाही. कारखान्यात माणूस वार मोजतो, शनिवार आला की पगार. शेजारी उभ्या असलेल्या म्हाताऱ्याने सांगितलं, अमावास्या. म्हणजे उधाण. जितकी खाडी आटते तितकीच भरते, हे आमच्याकडे रांगत्या पोरालाही कळतं. मी ती तळापर्यंत आटलेली पाहून खूश झालो होतो.

हसणं थांबलं. बायामाणसं पेंढा, माती, काट्या घेऊन धावली. पण भगदाडात गाडी होती आणि तिच्या भोवतीने माती धरेना; जितकं भरावं तितकी गाडी आणखी खाली जाई आणि बांध आणखी उकले. तिला ओढून काढायला बैल जुंपले, बैलच रुतले. दुपारी बाराच्या सुमारास भरती आली. अंमलदार तेव्हा कोरडे कपडे घालून रस्त्यावर छत्रीखाली उभा होता.

पहिलं शेत दादाचं होतं. पाणी ढेकळांमधून सावकाश फिरलं आणि मग सगळं सपाट झालं. खारं पाणी शिरलं की तीन पावसाळ्यांनी धुतल्याशिवाय त्या जमिनीत भात होत नाही. दादा बसल्या बसल्या सरकत कडेपर्यंत गेला. त्याने बोट पाण्यात बुडवलं, जिभेला लावलं. मग पुन्हा बुडवलं आणि ते ओलं बोट माझ्यापुढे धरलं.

"चाख," तो म्हणाला.

मी चाखलं. तो माझ्याकडे बघत राहिला, आणि अंमलदाराने पाय चिरडला तेव्हाही त्याचे डोळे असे झाले नसतील.