नामदेवचा रबरी पोशाख

सोनपेठहून येणाऱ्या एसटीच्या कंडक्टरने गाडी नीट थांबायच्या आधीच खिडकीतून सांगितलं, ‘‘गुरुजी, तुमचे नामदेव गेले.’’ मी छत्री घेऊन थांब्यावर उभा होतो. कुठे निघालो होतो ते आता आठवत नाही. ‘तुमचे’ हा शब्द तेवढा आठवतो... आमची दोस्ती सगळ्या तालुक्याला ठाऊक होती. त्याला दीड महिना झाला. दोस्ताबद्दल चार चांगले शब्द लिहावेत म्हणून बसलो, तर लिहिण्याजोगी एकच गोष्ट सुचते आहे आणि ती मला शोभणारी नाही.

नामांतराचा वाद पेटला होता त्या वर्षी माझी बदली गोदाकाठच्या त्याच्या गावी झाली. कुणी बुडालं की आधी नामदेवला हाक जायची. तीन एकर कोरडवाहू जमीन, अंगाने काडीपैलवान, पण श्वास धरून डोहात उतरला की काठावरच्यांचेच श्वास अडकायचे. त्याचा थोरला भाऊ याच डोहात गेला होता आणि तीन दिवस कुणी पाण्यात पाय घातला नव्हता. तेव्हापासून नामदेवने कुणाला नाही म्हटलं नाही. विहिरीच्या गाळात रुतलेला पाण्याच्या मोटारीचा फूटव्हॉल्व्ह, म्हणजे पाइपाच्या तळाची झडप, मोकळा करायलाही तोच उतरायचा. पौषात तासन्‌तास गार पाण्यात काढून त्याची छाती भरून यायची. परभणीच्या डॉक्टरांनी स्पष्टच बजावलं होतं की असेच हिवाळे काढाल तर फुप्फुसं कामाची राहणार नाहीत. गयावहिनी, म्हणजे त्याची बायको, त्या दिवशी दवाखान्याच्या पायरीवर बसून रडल्या.

पाण्यात उतरणं सुटत नसेल तर पाणी अंगाला लागू तरी नये, ही अक्कल माझी. थंड समुद्रातले पाणबुडे रबरी पोशाख घालतात आणि आत कोरडे राहतात, असं कुठल्याशा मासिकात वाचलं होतं. मुंबईच्या माझ्या साडूने भंगार बाजारात जहाजावरच्या सामानात असा एक वापरलेला पोशाख हुडकून काढला. मी आणि नामदेवने जाऊन तो गोधडीत गुंडाळून आणला. गळ्याला आणि मनगटांना पातळ रबराच्या पट्ट्या होत्या. त्या कातडीला घट्ट बसल्या तरच पाणी बाहेर राहणार, आणि सगळी गोम तिथेच होती. पोशाख कुणा धिप्पाड गोऱ्याच्या मापाचा. गळ्याची पट्टी मात्र कुणीतरी बदललेली आणि इतकी आवळ की नामदेवचे डोळे बाहेर यायचे, आणि मनगटात दोन बोटं सहज जायची. वहिनी म्हणाल्या, हे कसलं भूत घरात आणलंत. गळ्याची पट्टी आम्ही दोन दिवस पितळी घागरीवर ताणून ठेवली. मनगटांसाठी सोनपेठच्या पंक्चरवाल्या चाचांनी सायकलच्या ट्यूबची कडी कापून चिकटवली. मग नदीच्या उथळात बसून हात बुडवायचे, पाणी शिरलं की पुन्हा चाचांकडे. चौथ्या खेपेला पाणी आत आलं नाही.

त्या पौषात शेजारच्या गावची एक म्हातारी डोहात गेली. पोशाखात हवा राहायची म्हणून कमरेला दगड बांधून नामदेव सकाळपासून दुपारपर्यंत पाण्यात होता. त्याने तिला बाहेर आणलं, तिच्या लेकांच्या हाती दिलं, आणि मग मला बाजूला नेऊन गळ्याची पट्टी ओढून आतली बनियन दाखवली. ‘‘हात लावून बघा गुरुजी. कोरडी हाय.’’ तो हिवाळा त्याला खोकला झाला नाही. मी शाळेत आठ दिवस छाती काढून फिरत होतो.

होळीनंतर पोशाख ठेवून द्यायची वेळ आली. माझे वडील मोटेवर शेती करत. हंगाम संपला की मोटेच्या चामड्याला करडईचं तेल चोळायचे, नाहीतर ते तडकतं. मी शिक्षकी ऐटीत हे सगळं नामदेवला समजावलं, आणि गळ्याला, मनगटांना माझ्या हातांनी तेल चोळलं. पुढच्या मार्गशीर्षात एका विहिरीवर त्याने पोशाख चढवला तेव्हा म्हणाला, गळा ढिला लागायलाय, चिकटही वाटायलाय. मी म्हटलं, तेल मुरलंय, मऊ झालंय, उतर तू. तो गळ्याइतक्या पाण्यात गेला आणि पट्टी फाटली. भरलेल्या मोटेसारखा तो जड झाला. चार माणसांनी दोर लावून ओढला. वीस दिवस तो परभणीच्या दवाखान्यात होता.

मी पोशाख चाचांकडे नेला. त्यांनी पट्टी चिमटीत धरली, ती बोटांना चिकटून आली. ‘‘रबर कू तेल किसने लगाया, गुरुजी? तेल तो रबर कू खा जाता.’’

मी म्हणालो, माहीत नाही.

चाचा म्हणाले, नव्या पट्ट्या बसवून देतो, फक्त पावडर मारत जा. एवढंच नामदेवला सांगायचं होतं. पण ते सांगायचं तर तेलाचंही सांगावं लागणार... तोवर त्याने स्वतःच निकाल लावला होता. ‘‘ते परक्याच्या मापाचं हाय, गुरुजी. आपल्या अंगाला न्हाई मानवायचं.’’ खोटं बोलणाऱ्या पोरांना छडी देणारा मी, नुसती मान हलवून पोशाख त्याच्या घरातल्या खुंटीला अडकवला आणि निघालो. पुढचे दहा हिवाळे तो उघड्या अंगाने उतरला आणि मी त्याचं धोतर धरून काठावर उभा राहिलो. शेवटच्या वर्षी खाटेपासून दारापर्यंत जायला त्याला दोनदा थांबावं लागायचं. मी रोज जाऊन बसायचो, आज सांगू म्हणायचो, आणि पिकापाण्याचं बोलून परत यायचो. भित्रा होतो मी, दुसरं काही नाही.

तेराव्यानंतर वहिनींनी मला आत बोलावलं. खुंटीवरचा पोशाख काढून त्यांनी माझ्या हातांवर ठेवला. गळ्यापासून पायापर्यंत तो चकाकत होता. गावातला एक तरुण आता डोहात उतरायला तयार झालाय, त्याच्या मापाचा करून द्या, म्हणाल्या.

‘‘म्या एक महिना चुकवला न्हाई, गुरुजी. त्यायला उठवत नव्हतं तरी खाटेवरून म्हणायचे, गुरुजीनं सांगितलंय, तेल लाव. आपल्याला न्हाई तर दुसऱ्या कुणाला तरी लागंल.’’

माझी बोटं रबराला चिकटली होती. मी म्हणालो, ‘‘बरं केलंत, वहिनी.’’