कासवाची पात

ऑफिसच्या प्रशिक्षणात साहेब ससा-कासवाची गोष्ट सांगत होते. खिडकीबाहेर कुणीतरी गवत खुरपत होतं. त्या ओल्या, हिरव्या वासासरशी मी भूमकडच्या आमच्या शेतात पोचले.

खुरपताना प्रत्येकीला एक पात, म्हणजे पिकाची एक ओळ. माझी आधी संपली. बांधावर बसून मी ओरडले, "आई, ससा जिंकला!"

मागं राहिलेली आई मान वर न करता म्हणाली, "व्हय? मग कासवाची पात कोण काढंल? तिकडनं ये."

रुसतच मी तिच्या पातीच्या दुसऱ्या टोकाला लागले. मधोमध आमची खुरपी एकमेकांवर किणकिणली, आई हसली. मला मात्र ती शिक्षाच वाटली होती.

"तर, कोण जिंकलं?" साहेबांनी विचारलं.

कामात मागं पडलेल्या शेजारच्या बाईंकडं वाकून मी म्हणाले, "उद्या तुमच्या फायली मी शेवटाकडनं घेते."