पिकअपच्या बुडाला होडीचं तेल

चहाचा घोट आधी गिळून घ्या. मागे हे सांगत असताना एकाच्या नाकातून चहा आला होता, आणि समोर शर्ट माझा होता. आता काय सांगू, शहाणपणा मीही बरेचदा केलाय, पण हा जरा जास्तच झाला.

आमची पिकअप जुनी. दोन लाख ऐंशी हजार किलोमीटर पळालेली. त्यात आम्ही मालवणजवळच्या तोंडवलीचे, दार उघडलं की समुद्र. खारा वारा लोखंडाला असा खातो, की मागच्या पावसात हौद्याच्या पत्र्यातून मला खालचा रस्ता दिसायला लागला.

यंदा या पिकअपवर बायकोचा जीव टांगलेला होता. आठ वर्षं तिने हापूसची कलमं वाढवली. पाणी तिने घातलं, माकडं तिने हाकलली, मी फक्त फोटो काढले. आणि यंदा दलालाला बाजूला सारून तिने फोनवरून कोल्हापूरचं एक गिऱ्हाईक गाठलं. पहिल्या तीस पेट्या पसंत पडल्या, तर अख्ख्या मोसमाचा माल ते घेणार होतं.

"मी सगळा जमवलंय," ती म्हणाली, "तुमी फकत माल नीट पोचवा."

नीट पोचवायचा म्हणून मी गाडी शोरूमला नेली. तिथल्या मुलीने गाडी खालून-वरून बघितली आणि अकरा कामांची यादी हातात दिली. वर म्हणते, "काका, खरं सांगू? ब्रेक, कूलंट आणि खालचं गंजरोधक कोटिंग, ही तीन करा. बाकीची आठ नाही केली तरी चालेल."

आता तुम्हीच सांगा, शोरूमचं माणूस स्वतःहून आठ कामं सोडतं का कधी? मला लगेच संशय आला. आठ सोडली, म्हणजे तिनात नक्की काहीतरी काळंबेरं आहे.

घरी येऊन मी पेन्सिल घेऊन बसलो. एसीचा गॅस: आमच्या पिकअपचा एसी म्हणजे खिडकीची काच खाली करणे. काट. इंजेक्टर साफ करणे: गाडी धूर मारत नाही, म्हणजे साफच असणार. काट. केबिनमधली दुर्गंधी घालवणे: हे वाचून तर मला रागच आला. आमच्या गाडीत कसली दुर्गंधी? काट. ब्रेक आणि कूलंट मात्र ठेवले, कारण फोंडा घाट मला ठाऊक आहे. राहिलं ते कोटिंग.

"ता करून घेवा," बायको म्हणाली. "पत्र्याक भोकां पडली आसत."

"गो, होडी बारा म्हयने खाऱ्या पाण्यात आसता," मी म्हटलं. "कधी गंजलली होडी बघलंस?"

ती हातातली पळी तशीच धरून माझ्याकडे बघत राहिली. तिला उत्तर सुचत नाहीये असं मला वाटलं. मी गंमत करतोय की खरंच बोलतोय, हे तिला कळत नव्हतं, हे मला फार उशिरा समजलं.

मी थेट खाडीकाठी बस्त्यावकडे गेलो. बस्त्याव माझा शाळेपासूनचा दोस्त. त्याच्याकडे बापाच्या वेळची लाकडी होडी आहे, आणि होडीच्या बुडाला तो अजून माशाचं तेल लावतो. घरीच कढवतो.

"दाजी, ह्या तेल होडयेक लावतत," तो म्हणाला. "गाडयेक नाय."

"खारा पाणी दोघांकय एकच मा?"

"तुजी गाडी. माका काय?" त्याने डबा दिला. "डबो परत हाडू नको पण."

मी दोन हात दिले. चासीला लावलं, स्प्रिंगच्या पाट्यांना लावलं, उरलं ते सायलेन्सरलाही लावलं, उगाच वाया कशाला घालवा. वासाचं म्हणाल, तर आम्ही सुकत घातलेल्या बांगड्यांच्या शेजारी अभ्यास करून पास झालेली माणसं. आम्हाला वास येतो हे दुसऱ्याने सांगावं लागतं. सकाळी गाडीखाली सात मांजरं बसली होती. मला वाटलं, सावलीला आली असतील.

तीस पेट्या चढवल्या आणि निघालो. कणकवली सुटली तसा सायलेन्सर तापला आणि तेल तळायला लागलं. मला सारखी भूक लागत होती. सकाळची पेज कमी पडली असं म्हणत मी गाडी हाकत होतो.

फोंड्याला चहाला थांबलो. वळून बघतो, तर गाडीपाशी दोन बायका पिशव्या घेऊन उभ्या.

"काय हाडलंस रे?"

"आंबे."

"आंबे वर दिसतत. खाली काय आसा?"

"खाली कायएक नाय, मावशे."

"मगे लपवतंस कित्याक? कोल्हापूरवाल्यांका दितलंस आणि आमका नाय?"

तेवढ्यात आणखी चारजण आले. एकाने दर विचारला, दुसऱ्याने तो जास्त आहे म्हणून सांगितलं. मी तर दर बोललोच नव्हतो. शेवटी दोन पेट्या उघडून दाखवल्या तेव्हा कुठे सुटका झाली, आणि तरी एक मावशी माझ्याकडे चोर बघावा तसं बघत होती.

कोल्हापूरला पोचलो. गिऱ्हाईक म्हणजे अण्णा, भला माणूस, गळ्यात तुळशीची माळ. सगळं घर माळकरी, अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नाही. गाडी दारात लागली आणि अण्णांच्या आई पदर नाकाला लावून आत गेल्या.

अण्णांनी एक आंबा हातात घेतला, दाबून बघितला, हुंगला. "फळ एक नंबर हाय. पर पिकवलाय कशात?"

"भाताच्या गवतात."

"मग पेटीला मासळीचा वास कुठनं यायलाय?"

ते वाकून गाडीखाली बघायला लागले. मी मोठ्या तोऱ्यात तेलाची युक्ती सांगितली, शेवटी होडीचा मुद्दाही ठेवला. अण्णा सरळ उभे राहिले.

"पाव्हणं, होडी लाकडाची असती न्हवं? लाकूड कवा गंजतंय?"

माझं वय एकोणसाठ. एवढ्या वर्षांत एकदाही हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. तीस पेट्या घेऊन मी घाट उतरलो.

पायरीवर बसून बायकोने एकेक पेटी उघडली, एकेक आंबा हुंगला आणि परत ठेवला. तिने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मला फार वाईट वाटलं, खरंच सांगतो.

"आंब्याक वास नाय, पेटयेक आसा," ती शेवटी म्हणाली. "आदी गाडी नीट करा. मगे दोन पेटये घेवन जावा आणि हात जोडा."

शोरूमची मुलगी नाकावर रुमाल धरून म्हणाली, "काका, आधी हे काढून आणा, मग कोटिंग करू." मग काय, दोन दिवस मी पिकअपखाली उताणा पडून राख, लिंबू, रॉकेल, काय मिळेल त्याने घासत होतो. तेल सगळं ठिबकून खाली येत होतं. खाली मी होतो. तिसऱ्या दिवशी गाडी कोटिंगला दिली.

मग तीनदा आंघोळ केली, नवा शर्ट घातला, नव्या खोक्यांत भरलेले दोन पेट्या आंबे घेतले आणि कोल्हापूरची एसटी पकडली. गाडी खच्चून भरलेली, माणसं उभी, पण माझ्या शेजारची सीट शेवटपर्यंत रिकामी. मी पाय पसरून आरामात गेलो.

अण्णांच्या आई ओट्यावर वाती वळत बसल्या होत्या. त्यांना डोळ्यांनी जवळजवळ दिसत नाही. मी फाटकातून आत आलो, अजून तोंडातून शब्दही काढला नव्हता, तोच त्यांनी मान वर केली.

"मालवणचं पाव्हणं का? या, बसा. पर तेवढी गाडी लांब लावा बाबा, दारात आणू नगा."

"आजी," मी म्हटलं, "गाडी शोरूमला आहे. मी एसटीने आलोय."