बाणवाले सर

चहा आला की आधी त्यात सरांचं बोट बुडायचं. मग टेबलावर दोन गोल निघायचे आणि मध्ये एक बाण. "आता सांगा, कशामुळं काय झालं?" चहा गार होईपर्यंत आमची सुटका नसे.

तुमच्याही कामाच्या जागी असा एखादा छळवादी असेल. आदिलाबादच्या आमच्या खासगी कॉलेजात हे सर कॉम्प्युटर शिकवायचे. पोरं त्यांना बाणवाले सर म्हणत. एकदा मी म्हणालो, रस्त्यावर ट्रॅक्टर वाढले की मला शिंका सुरू होतात. सर खूश!

"ट्रॅक्टरले काऊन शिव्या देता? कापूस निघाला म्हनून ट्रॅक्टर, अन् कापूस निघाला म्हनूनच शिंका. तिसरा गोल पाहा ना जी!"

तो हिवाळाभर मी शिंकलो की सगळी स्टाफरूम 'तिसरा गोल' म्हणून ओरडायची.

मुली शिक्षण अर्ध्यावर का सोडतात हे ओळखणारं एआय प्राचार्यांनी त्यांच्याकडून करून घेतलं. सर उटनूरकडच्या जंगलातल्या गावांपर्यंत फिरले. हजेरी, मार्क, लग्न असे कितीतरी गोल काढले, पण बहुतेक बाण एकाच गोलातून निघाले. तो गोल बसचा. गावाला बस नसेल, तर तिथली मुलगी टिकत नाही.

"आता कॉलेज गाडी लावते, पाहाच तुमी," ते मला म्हणाले. माणूस इतका आनंदात मी कधी पाहिला नव्हता.

जूनमध्ये प्रवेशाच्या खिडकीशी एक बाप मुलीला घेऊन उभा होता. कारकून म्हणाला, "एआयनं तुमच्या गावाले नाई म्हटलं."

"काऊन?"

"बस नाई."

"पोरगी पायदळ येते ना जी."

सर माझ्या शेजारीच होते. ते तडक प्राचार्यांच्या खोलीत घुसले. "म्या गाडी लावा म्हटलं होतं! पोरी गाळा नोतं म्हटलं!"

प्राचार्य शांतपणे म्हणाले, "सर, गळती थांबल्याशी मतलब. कशी थांबवायची, ते आम्ही पाहू."

आणि थांबली की! वर्षाअखेरीच्या कार्यक्रमात प्राचार्यांनी माइकवरून सांगितलं, यंदा जंगलपट्ट्यातली एकही मुलगी शिक्षण सोडून गेली नाही. टाळ्या पडल्या. आत आलीच नाही, ती जाणार कुठून? मला शिसारी आली. तरी पगार मी तिथलाच घेतो.

त्या वर्षी कॉलेज सोडून गेले ते एकटे सर. मास्तरांना गळतीत धरत नाहीत.